इलेक्ट्रोडवरचा थर आणि घटाचा संरोध : प्रस्तावना

प्लॅटिनमचा लखलखीत पत्रा घ्यायचा, आम्लाने स्वच्छ धुवायचा आणि मग त्याच्यावर मुद्दाम काळाकुट्ट थर चढवायचा. द्रावणांची विद्युत वाहकता मोजणारी मंडळी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे करत आली आहेत. फ्रीडरिख कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने ही रीत रूढ केली. थर नीट बसावा म्हणून क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या द्रावणात किंचित लेड ॲसिटेट घालायचे, ही कृती मात्र ओटो लुमर आणि फर्डिनांड कुर्लबाउम यांच्या नावाने ओळखली जाते. बर्लिनमध्ये उष्णतेचे प्रारण मोजण्यासाठी त्यांना ते जवळजवळ सगळे शोषून घेईल असा काळा पृष्ठभाग हवा होता. प्रारणाच्या कामासाठीची ही कृती द्रावणांच्या कामात इतकी उपयोगी पडली, की आजही प्रयोगशाळेतल्या अनेक वाहकता-घटांच्या पट्ट्या काळ्या असतात.

थर म्हणजे अडथळा, ही आपली साधी समजूत. काळ्या प्लॅटिनमपुढे ती टिकत नाही, कारण हा थर चढला की घटाचा संरोध (इम्पिडन्स) कमी होतो. उलट ॲल्युमिनियमवर बसलेला दहा नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना मुळीच न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा घटाचा संरोध कित्येक पटींनी वाढवतो. दोन्ही थरच, पण एक प्रवाहाची वाट मोकळी करतो आणि दुसरा ती बंद करतो. असे का होते, आणि घट न उघडता, केवळ बाहेरून मोजून, आत कोणता थर बसला आहे हे कसे ओळखायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर पदवीच्या शेवटच्या वर्षाचे आणि एम. एस्सी.चे विद्यार्थी होते. पण माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ, बॅटऱ्यांची देखभाल करणारे कारागीर आणि शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक यांनीही ते वाचावे, अशी मनापासून इच्छा आहे. या विषयाचे दार फार जड आहे असा समज आहे. तो खरा नाही. ओहमचा नियम, धारित्र म्हणजे काय याची जाण आणि काटकोन त्रिकोणाचे पायथागोरसचे प्रमेय, एवढ्या शिदोरीवर निम्मे पुस्तक वाचता येते.

द्रावणाचा रोध मोजायचा तर बॅटरी जोडून प्रवाह पाहावा, असे पहिल्यांदा सुचते. पण एकदिश प्रवाह चालू होताच इलेक्ट्रोडपाशी आयन साचतात, वायूचे बुडबुडे येतात, धातू बसतो किंवा विरघळतो, आणि मापन द्रावणाचे राहत नाही. म्हणून १८६९ मध्ये कोलराउश आणि निपोल्ट यांनी प्रत्यावर्ती प्रवाह वापरला. प्रवाहाची दिशा सतत पालटत राहिली की एका अर्ध्या फेरीत जे साचते ते पुढच्या अर्ध्या फेरीत बऱ्याच अंशी परत जाते. टेलिफोनचा शोध १८७६ चा. पुढे काही वर्षांतच कोलराउश यांनी तो रोध मोजण्याच्या सेतुमंडलाला जोडला. सेतू समतोल झाला की कानाला लावलेल्या टेलिफोनमधला गुणगुणाट थांबायला हवा. चकचकीत पट्ट्या असल्या की तो पुरता थांबत नसे. आवाज कुठे सर्वांत मंद होतो याचा नुसता अंदाज करावा लागे. काळ्या पट्ट्या लावल्या की समतोलाची जागा नेमकी सापडे. स्वान्ते अऱ्हेनियस यांचा आयनीभवनाचा सिद्धान्त आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचा विरलन नियम वाहकतेच्या ज्या मापनांवर उभे राहिले, ती या पद्धतीची. रसायनशास्त्राच्या इतिहासात या काळ्या थराला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी, असे माझे मत आहे.

आता एक घट घेऊन प्रत्यक्ष आकडे पाहू, कारण साऱ्या पुस्तकाचा गाभा या एका उदाहरणात आहे. प्रत्येकी १ चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या समोरासमोर, १ सेंटिमीटर अंतरावर आहेत. मध्ये ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, तापमान २५ अंश सेल्सिअस. या द्रावणाची वाहकता १२.८८ मिलिसीमेन्स प्रतिसेंटिमीटर आहे. कडांबाहेर पसरणारा प्रवाह तूर्त सोडून दिला, तर द्रावणाचा रोध ७८ ओहमच्या आसपास येतो. घटाच्या दोन टोकांना मीटर लावला की एवढेच दिसायला हवे.

तसे दिसत नाही. धातूचा पृष्ठभाग आणि त्याला खेटून उभे असलेले आयन मिळून एक धारित्र तयार होते. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याची कल्पना मांडली. गूई, चॅपमन आणि श्टेर्न यांनी १९१० ते १९२४ या काळात ती आजच्या रूपाला आणली. या द्विस्तराची जाडी रेणूंच्या मापाची, म्हणून धारकता प्रचंड: गुळगुळीत धातूवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २० मायक्रोफॅरड धरता येते. आपल्या घटात असे दोन धारित्र एकसरीत आहेत, म्हणजे मिळून १० मायक्रोफॅरड. घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेला त्यांचा धारकीय विरोध ३१८ ओहम भरतो. रोध आणि हा विरोध यांची सरळ बेरीज होत नाही. ते काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा असतात आणि मीटर कर्ण दाखवतो. कर्ण येतो सुमारे ३२७ ओहम. खरी किंमत ७८ आणि मीटरवर ३२७! वारंवारता १००० हर्ट्झ केली की विरोध १६ ओहमवर उतरतो आणि मीटर ७९ दाखवतो. चूक राहते, पण दोन टक्क्यांची.

याच पट्ट्यांवर काळे प्लॅटिनम चढवू. हा थर म्हणजे प्लॅटिनमचेच अतिसूक्ष्म कण, एकमेकांना चिकटून झालेली सच्छिद्र रचना. बाहेरून मोजले तर क्षेत्रफळ तेच १ चौरस सेंटिमीटर, पण द्रावण ज्या पृष्ठभागाला खरोखर भिडते तो कित्येक शे पटींनी वाढलेला. ५०० पट धरला तर ५० हर्ट्झलाही विरोध ०.६४ ओहमवर येतो. त्रिकोणाची एक भुजा नाहीशी झाल्यासारखी होते आणि मीटर द्रावणाचा रोध जसाच्या तसा दाखवतो. थराने प्रवाहाला नवी वाट दिली नाही. दाराची रुंदी वाढवली.

पट्ट्यांवर काळ्या थराऐवजी दहा नॅनोमीटरचा, वीज न वाहणारा ऑक्साइडचा पापुद्रा असेल तर? त्याचा परावैद्युतांक १० मानला, तर त्याची स्वतःची धारकता चौरस सेंटिमीटरला ०.८९ मायक्रोफॅरड येते. ती द्विस्तराच्या २० मायक्रोफॅरडशी एकसरीत बसते, आणि एकसरीत नेहमी लहान धारित्राचे राज्य असते. दोन्ही पट्ट्यांचा मिळून विरोध १००० हर्ट्झलाही सुमारे ३७५ ओहम होतो. ज्या वारंवारतेवर मघाशी मापन जवळजवळ बिनचूक होते, तिथेच आता मीटर ३८० च्या पुढे जातो. द्रावण बदलले नाही, अंतर बदलले नाही, पट्ट्यांचा आकार बदलला नाही. हाताला जाणवणार नाही अशा थराने घटाचा संरोध जवळजवळ पाचपट केला.

वाचकाने हे आकडे कागदावर स्वतः करून पाहावेत. संरोध, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलण्यातला इम्पिडन्स, हा एक आकडा नसतो. प्रत्येक वारंवारतेला तो वेगळा असतो. ‘या घटाचा इम्पिडन्स इतके ओहम’ असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न विचारावा: कोणत्या वारंवारतेला? आणि दुसरा: पट्ट्यांवर काय बसले होते?

इतके साधे चित्र प्रयोगात पुरेसे ठरले नाही. एमिल वारबुर्ग यांनी १८९९ मध्ये दाखवले, की इलेक्ट्रोडवर अभिक्रिया चालू असेल तर आयनांच्या विसरणाचाही एक संरोध असतो. तो वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि त्याची कला (फेज) ४५ अंशांवर खिळलेली असते. अमेरिकेत डेव्हिड ग्रॅहम यांनी पाऱ्याच्या पृष्ठभागावर द्विस्तराची धारकता अत्यंत काटेकोरपणे मोजली. त्यांचा १९४७ चा आढावा आजही आवर्जून वाचावा असा आहे. पाराच का? पाऱ्याचा प्रत्येक नवा थेंब नवा कोरा पृष्ठभाग घेऊन येतो, तो गुळगुळीत असतो आणि त्याच्यावर काही साचायला वेळच मिळत नाही. थराविना पृष्ठभाग कसा वागतो हे कळल्याशिवाय थराचा परिणाम वेगळा काढता येत नाही. म्हणून या पुस्तकातही पाऱ्याचे प्रकरण आधी ठेवले आहे. १९४७ मध्येच इंग्लंडमध्ये जॉन रँडल्स यांनी द्रावणाचा रोध, द्विस्तर, अभिक्रियेचा रोध आणि विसरण यांना एका छोट्या मंडलात बसवले. संरोधाच्या आलेखावर दिसणारे अर्धवर्तुळ आणि त्याची तिरकी शेपटी विद्यार्थी आजही शिकतात, ती या मंडलाची.

या शेपटीपाशी थोडे थांबायला हवे, कारण नवशिके इथेच फसतात. आलेखावर ४५ अंशांची रेष दिसली की ‘विसरण’ असे लिहून मोकळे होण्याची सवय लागते. पण रॉबर्ट द लेव्ही यांनी १९६० च्या दशकात सच्छिद्र इलेक्ट्रोडचे गणित मांडले, तेव्हा स्पष्ट झाले की लांब, अरुंद छिद्रात शिरणारा प्रत्यावर्ती प्रवाह छिद्राच्या तळापर्यंत पोचायच्या आत भिंतींवर वाटला जातो आणि कला निम्मी होते. भिंत शुद्ध धारित्राची, म्हणजे ९० अंशांची, असेल तर बाहेरून ४५ अंश दिसतात. तीच रेष, पण कारण निराळे. ओळखायचे कसे? छिद्रांची रेष उच्च वारंवारतेला दिसते. वारंवारता उतरत गेली की प्रवाह तळापर्यंत पोचतो आणि आलेख सरळ वर वळतो. विसरणाची रेष सहसा अर्धवर्तुळाच्या पलीकडे, मंद वारंवारतेला येते. आणखी खात्री हवी असेल तर द्रावण ढवळावे किंवा इलेक्ट्रोड फिरवावा. द्रावणातल्या विसरणाची शेपटी हलते, छिद्रांची रेष जागची ढळत नाही. एवढा साधा प्रयोग न करता छापलेले निष्कर्ष वाचले की वाईट वाटते.

प्रयोगशाळेबाहेर हे ज्ञान सर्वांत जास्त कामाला येते ते बॅटरीत. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसते. एक मोल शिशाचे आकारमान सुमारे १८ घनसेंटिमीटर, आणि त्यापासून होणाऱ्या सल्फेटचे ४८. अडीच पटींहून जास्त फुगणारा हा पदार्थ वीज वाहत नाही, आणि तो प्लेटच्या छिद्रांतच तयार होतो. ताजे सल्फेट बारीक स्फटिकांचे असते; लगेच चार्जिंगला लावले तर ते विरघळून परत जाते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की लहान स्फटिक विरतात, मोठे वाढतात आणि प्लेट झाकली जाते. दुकानदार ‘प्लेटा सल्फेट झाल्या’ म्हणतो ते यालाच. संरोधात याची पहिली चाहूल मंद वारंवारतेला लागते, कारण अभिक्रियेला उरलेले क्षेत्रफळ कमी झाल्याने अर्धवर्तुळ मोठे होते. उच्च वारंवारतेला मुख्यतः आम्ल, शिशाच्या जाळ्या आणि जोडण्या यांचा रोध दिसतो, आणि तो आम्ल पातळ झाले तरी वाढतो, टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली तरी वाढतो. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या हातातल्या टेस्टरने बॅटरीची ‘तब्येत’ टक्क्यांत सांगितली तरी त्या आकड्याचा अर्थ मर्यादितच असतो, तो यामुळे.

लिथियम-आयन बॅटरीत तर थराशिवाय काम चालतच नाही. पहिल्या चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटवर एथिलीन कार्बोनेटचे विघटन होते आणि काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंत जाडीचा एक थर तयार होतो. तो लिथियमचे आयन जाऊ देतो, इलेक्ट्रॉन अडवतो आणि म्हणून पुढचे विघटन थोपवतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये लिथियम धातूवरच्या अशा थराचे वर्णन केले आणि त्याला घन विद्युत् विच्छेद्याचा दर्जा दिला. ग्रॅफाइटवर तो बसायला योग्य द्रावक लागतो. एथिलीन कार्बोनेटऐवजी एक मिथाइल गट जास्त असलेले प्रॉपिलीन कार्बोनेट घेतले, तर संरक्षक थर धड बसत नाही आणि ग्रॅफाइटचे पदर सुटतात. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीपासून आजच्या मोटारींपर्यंत या थराची वाढ हा बॅटरीच्या आयुष्याचा एक कळीचा प्रश्न राहिला आहे. थर हवाच, पण वाढत जायला नको. तो जाड झाला की आलेखावर त्याचे स्वतंत्र अर्धवर्तुळ फुगते, आणि थंडीत ते झपाट्याने मोठे होते.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युत वाहकता (ईसी) मोजणारा मीटर. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार ठिबकमधून खते देताना पाण्याचा सामू आणि ईसी पाहतात. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट, आणि स्फुरदयुक्त खत असेल तर कॅल्शियम फॉस्फेट, प्रोबच्या पट्ट्यांवर किटण धरतो. पट्टीचा काही भाग झाकला गेला की मीटर खऱ्यापेक्षा कमी ईसी दाखवतो, आणि कमी दिसली म्हणून खत वाढवले जाते. इथे मघाचे गणित थेट वापरता येते. तपासणीच्या दोन बाटल्या घ्याव्यात: १४१३ मायक्रोसीमेन्सची आणि १२.८८ मिलिसीमेन्सची. दोन्हींत मीटर सारख्याच प्रमाणात कमी दाखवत असेल, तर पट्टीचे क्षेत्रफळ झाकले गेले आहे. पहिलीत बरोबर आणि दुसरीत कमी दाखवत असेल, तर पट्टीच्या पृष्ठभागाचा संरोध द्रावणाच्या रोधाला भारी पडतो आहे. किटण सौम्य आम्लात बुडवून काढावे आणि प्रोब शुद्ध पाण्याने धुवावा. काळ्या पट्ट्या ब्रशने किंवा कागदाने कधीही घासू नयेत. जो थर काढू नये तोच निघतो.

काळ्या प्लॅटिनमची इतकी स्तुती केल्यावर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एवढा मोठा पृष्ठभाग द्रावणातले पदार्थ धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे अतिविरल द्रावणांत मापन सरकत राहते. शिवाय तो उत्तम उत्प्रेरक आहे; हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पदार्थ त्याच्या सहवासात टिकत नाहीत. अशा वेळी अगदी पातळ, करडा थर देतात किंवा पट्टी चकचकीतच ठेवतात. आणखी चांगला उपाय चार इलेक्ट्रोडच्या घटाचा: दोन पट्ट्यांतून प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या दोन पट्ट्यांवर, जवळजवळ प्रवाह न घेता, विभवांतर मोजायचे. पृष्ठभागाचा संरोध मग मापनात जवळपास येतच नाही. पण थराचाच अभ्यास करायचा असेल तर हा उपाय निरुपयोगी, कारण नेमके जे पाहायचे तेच त्यात गळून जाते.

आता पुस्तक कसे वाचावे याविषयी. समतुल्य मंडलांचे प्रकरण मुद्दाम उशिरा घेतले आहे. आजच्या संगणकावर सात-आठ घटकांचे मंडल घेतले तर जवळजवळ कोणताही आलेख जुळवता येतो, आणि दोन निराळी मंडले सर्व वारंवारतांना तंतोतंत सारखा संरोध देऊ शकतात. मंडल जुळले म्हणजे थर सापडला, असे होत नाही. थराची जाडी, तापमान, विभव यांपैकी एक गोष्ट बदलावी आणि मंडलातला अपेक्षित घटकच अपेक्षित दिशेने बदलतो का ते पाहावे. बदलला, तरच त्या घटकाला थराचे नाव द्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी पाहण्याची सोय असेल तर ती पाहावीच. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी तिसरे आणि सहावे प्रकरण पहिल्या वाचनात गाळले तरी चालेल; बॅटरीची आणि पाणी तपासणीची प्रकरणे त्यांच्याशिवाय समजतात.

प्रत्येक प्रकरणाशेवटी दिलेले प्रयोग पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटच्या कांड्या, स्टीलच्या पट्ट्या, मीठ आणि वारंवारता बदलता येणारा साधा एलसीआर मीटर यांवर होण्यासारखे आहेत. नोंद करताना आकड्याबरोबर वारंवारता, तापमान, द्रावणाची तीव्रता आणि पट्टीचा पूर्वेतिहास, म्हणजे ती कशी धुतली, किती वेळ बुडवून ठेवली, आधी कशात वापरली, हे जरूर लिहावे. निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या बोअरच्या पाण्यात किती दिवसांत किती किटण धरते आणि त्याने मापन किती सरकते, याच्या नोंदी शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी केल्या तर त्या फार मोलाच्या ठरतील. अशा नोंदी, शंका आणि पुस्तकातल्या चुका प्रकाशकाच्या पत्त्यावर कळवाव्यात, ही विनंती. पुढच्या आवृत्तीत त्यांचा समावेश पाठवणाऱ्याच्या ऋणनिर्देशासह करीन.